कमानपाट्याची सुरी: धार का टिकत नाही, मुठीत फट का राहते?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करतोस. भंगारातून ट्रकचा कमानपाटा (चाकांवरची लोखंडी स्प्रिंगपट्टी) आणून त्याच्या काही सुऱ्या केल्यास. धार दोन दिवसांत जाते, एक पातं पाण्यात विझवताना चिरलं, दोन्ही बाजूंची घासाई सारखी येत नाही आणि मुठीचं लाकूड पात्यापासून सुटून फट दिसते, अशा तक्रारी आहेत. शेवटी विचारलंस की बेल्ट ग्राइंडर (फिरत्या पट्ट्यावर घासायचं यंत्र) घेतला तर हे सुटेल का. लिहिण्यावरून वयाने लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

ग्राइंडरचं आधी उरकतो. नाही सुटणार. आज कानशीने जी चूक अर्ध्या तासात होते, ती ग्राइंडरवर अर्ध्या मिनिटात होईल आणि घासून गेलेलं लोखंड काही परत येत नाही.

आता फोटोतल्या सुरीबद्दल. चेहरा दिसेल असं पॉलिश आहे, पाठीवर कानशीने वेल काढलीयस, पितळी रिबिटा बसवल्यास. हात चांगला आहे. पण पाठ जवळजवळ ५ मिमी जाड आहे आणि ती जाडी धारेपर्यंत तशीच उतरत गेलीय. अशा सुरीने कांदा कापला जात नाही, फुटतो. नवीन माणूस पोलादाच्या नावामागे आणि पॉलिशमागे धावतो. सुरी कापते ती धारेच्या मागे लोखंड किती पातळ आहे त्यावर. तुझी धारेची निम्मी तक्रार इथलीच आहे. जाड पात्याची धार थोडीशी बोथटली तरी सुरी एकदम निकामी वाटते, पातळ पातं मात्र त्याच बोथट धारेवरही काम देत राहतं.

आकडेच हवेत तर घे. स्वयंपाकघरातली ६ इंची सुरी, पात्याची रुंदी ४० मिमी धर. मुठीजवळ पाठ २ ते २.५ मिमी, टोकाकडे उतरत १ मिमीच्या आसपास. धार लावायच्या आधी कडेची जाडी ०.३ मिमी. धारेपासून १० मिमी वर मोजलंस तर १ मिमीच्या आत यायला हवं. जाडी मोजायचा एक साधा व्हर्नियर घे आणि घरातल्या जुन्या विळीचं पातं, शेजारच्या खाटकाची मटण सोडवायची सुरी, हॉटेलात कांदा चिरणाऱ्याची झिजलेली सुरी, जे हाताला लागेल ते मोजून वहीत लिही. आई ज्या सुरीला 'चांगली चालते' म्हणते तिचे आकडे सगळ्यात आधी. ऊसतोडीच्या कोयत्याचं गणित वेगळं, त्याला वजन आणि जाडी लागतेच, पण तू भाजीची सुरी करतोयस आणि पातं कोयत्याचं ठेवतोयस.

ट्रकचा पाटा १० मिमीच्या आसपास किंवा त्याहून जाड असतो. तिथून २ मिमीपर्यंत घासत यायचं म्हणजे डिस्कचाही खर्च आणि कंबरेचाही. भट्टीत तापवून ऐरणीवर पातळ करता येत असेल तर ठीक, नाहीतर जीप-टेम्पोचा पातळ पाटा शोध. खरं सांगायचं तर शिकताना भंगारच नको. कमानपाट्याचं पोलाद वाईट नाही. साधारण ०.५ ते ०.६५ टक्के कार्बन, वर सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोम-व्हॅनेडियम. सुरीला पुरतं. पण तो पाटा लाखो वेळा वाकून आलेला असतो, मधल्या बोल्टच्या भोकाजवळ डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, आणि नेमका कोणता ग्रेड आहे ते कोणी सांगत नाही. पातं चिरलं तर दोष तुझा की पाट्याचा हेच कळत नाही, मग शिकणार काय? पुण्याच्या पोलाद व्यापाऱ्याकडून ईएन-४५ या कमानीच्या पोलादाची पातळ पट्टी टेस्ट सर्टिफिकेटसह मागव आणि वर्षभर तेवढ्याच एका पोलादावर काम कर. बेअरिंगच्या ईएन-३१ च्या नादी सध्या लागू नकोस. त्यात १ टक्का कार्बन आणि दीडेक टक्का क्रोमियम असतं, ते ठरावीक तापमानाला काही मिनिटं धरून ठेवावं लागतं, डोळ्याच्या अंदाजाने ते साधत नाही. स्टेनलेसचं तर नावच काढू नकोस, ४४०-सी ला हजार अंशांच्या वर न्यावं लागतं. आणि दुकानात पडलेल्या एम.एस. म्हणजे साध्या मऊ लोखंडाच्या पट्टीला कितीही पाणी दे (लाल तापवून पाण्यात किंवा तेलात विझव), ती कडक होत नाही. तिच्यात पुरेसा कार्बनच नाही.

आता पाणी देण्याकडे येऊ, कारण खरी मेख इथे आहे.

तू लिहिलंस की मिस्त्रीने सांगितलं, 'लालभडक करून पाण्यात बुडव, मग निळा रंग येईपर्यंत परत तापव, झालं.' मिस्त्री खोटं बोलत नाहीये. पहारीला, कमानीला हेच चालतं. निळा रंग म्हणजे ३०० अंशांच्या आसपास. तिथे पोलाद लवचीक होतं, पण सुरीच्या धारेला लागणारी कडकपणाची पातळी निघून जाते. सुरीसाठी फिकट पिवळ्या रंगावर थांबायचं असतं, २०० ते २२० अंश. तपकिरी आला की २५० च्या पुढे गेलास, जांभळा म्हणजे २७०-२८०. तुझी धार दोन दिवसांत का बसते याचं हे दुसरं कारण. ती तुटत नाही, मुडपते. भिंगातून बघ, कड एका बाजूला कललेली दिसेल.

आणि चिरलेलं पातं. कमानपाट्याचं पोलाद तेलात विझवायचं आहे, पाण्यात नाही. पाणी त्याला फार झटक्यात थंड करतं. त्यात तुझ्या पात्याच्या फोटोत अजून दोन गोष्टी दिसतात. मुठीत जाणारं शेपूट जिथे पात्याला मिळतं तिथे तू काटकोनी कोपरा ठेवलायस आणि चीर नेमकी तिथूनच निघालीय. तो कोपरा गोल कानशीने वळवून घ्यायचा. दुसरं, धारेच्या कडेवर डिस्कचे आडवे खोल ओरखडे तसेच आहेत. प्रत्येक ओरखडा म्हणजे चिरेला आयती वाट. विझवण्याआधी किमान १२० चा पेपर लांबीच्या दिशेने मारून ते घालव, आणि कड १ मिमीच्या आसपास जाड ठेव, धारदार नको. उरलेलं पातळ करणं पाणी दिल्यानंतर.

तापमान ओळखायचं कसं? आपल्याकडे हा मोठाच प्रश्न. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी काम करशील तर बाहेरच्या झळाळीत तुला ८५० अंशांचं पातंही काळपट लाल वाटेल, मग तू अजून भाता मारशील आणि पोलाद जाळशील. पाणी द्यायचं काम दिवस मावळल्यावर, आणि शेडमधला दिवा बंद करून. जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून तारेला बांध. पातं तापत जाताना मधूनमधून टेकवून बघ. ७७० अंशांच्या सुमारास पोलाद चुंबकाला चिकटायचं सोडतं. तेवढ्यावर थांबायचं नाही, ती फक्त खालची खूण. दुसरी खूण घरच्या मिठाची. साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. पात्याच्या पाठीवर चिमूटभर टाक, आधी ते तडतडतं म्हणून तोंड लांब ठेव. चष्मा तर हवाच. मीठ पाघळून काचेसारखा थर दिसला की अजून थोडं वर ने, ८३० ते ८५०, आणि पूर्ण पात्यावर रंग एकसारखा झाला की बाहेर काढ. टोक पातळ असल्यामुळे आधी तापतं, त्याला आगीच्या आत-बाहेर करत सांभाळावं लागतं. भट्टीत पातं टाकून चहाला गेलास तर टोक उरणार नाही.

घडवून झाल्यावर आणि विझवण्याच्या आधी पातं तीनदा त्याच लाल रंगापर्यंत तापवून मोकळ्या हवेत काळं पडेपर्यंत निवू दे, दर वेळी मागच्यापेक्षा किंचित कमी तापवून. ठोकताना जास्त आच लागून पोलादाचा कण मोठा झालेला असतो, तो याने परत बारीक होतो. बरेच जण कंटाळा करून ही पायरी गाळतात.

तेल कोणतं, असं कोणीतरी विचारणारच. शेंगतेल किंवा सूर्यफूल चालतं. आपल्या भागात करडईचं तेल मिळतं, तेही विझवतं, पण काही महिन्यांत घट्ट चिकट होत जातं. गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर छातीत घ्यायच्या लायकीचा नाही. ५ लिटर तरी तेल हवं, लोखंडी उभ्या डब्यात, आणि डब्याला झाकण हवंच. भडका उडाला की झाकण टाकायचं, पाणी ओतायचं नाही. तेल आधी ५०-६० अंशांपर्यंत कोमट कर. एखादा लोखंडाचा तुकडा लाल करून बुडवला की होतं. कोमट तेल पातळ असतं आणि थंड तेलापेक्षा लवकर उष्णता खेचतं, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. पातं टोकाकडून सरळ खाली घाल, वर-खाली हलव, बाजूला हलवलंस तर वाकेल. बाहेर काढल्यावर थोडं वाकलेलं दिसलं तर हात भाजणार नाही असे जाड चामडी मोजे घालून लगेच सरळ कर. पहिल्या थोड्या वेळात ते ऐकतं, पूर्ण थंड झाल्यावर जबरदस्ती केलीस तर काडकन तुटतं.

मग कानस मारून बघ. कानस धरली तर पाणी लागलं नाही, घसरली तर लागलं. वरचा जळका थर मऊ असतो म्हणून पहिले दोन हात सोडून तिसऱ्यावर निर्णय घे. कडक झालेलं पातं तसंच रात्रभर ठेवायचं नाही, त्याच दिवशी उतरवायचं, म्हणजे हलक्या आचेवर परत तापवून कडकपणा थोडा कमी करायचा. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांवर दोन तास, निवू द्यायचं, परत दोन तास. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, आत ठेवायचा वेगळा तापमापक घे. आणि पातं साबणाने धुऊन मगच आत ठेव, नाहीतर घरात पुढचा प्रत्येक केक जळक्या तेलाचा होईल आणि ओव्हन तुला परत मिळणार नाही.

हे सगळं बरोबर झालं की नाही ते कळायचा एकच खात्रीचा मार्ग, तोडून बघणे. त्याच पट्टीचा दोन बोटं रुंद तुकडा काप, पात्यासोबतच तापव, विझव, आणि उतरवायच्या आधी वाइसमध्ये धरून, वर जाड कापड गुंडाळून, हातोडीच्या फटक्याने मोड. तुटलेला भाग उजेडात धर. कण रव्यासारखे वेगळे, चमचमते दिसले तर तू जास्त तापवलंस. मैद्यासारखा गुळगुळीत, करडा, बिनचमकीचा दिसला तर जमलं. पहिला तुकडा मुद्दाम जास्त तापवून मोड, म्हणजे वाईट कसं दिसतं ते डोळ्यात बसेल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी पातं करू देतच नाही, असे तुकडेच मोडायला लावतो. पोरं वैतागतात. आकडा हवा असेल तर आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजं आणि पॉलिटेक्निक आहेत, त्यांच्या मटेरियलच्या लॅबमध्ये कडकपणा मोजायचं रॉकवेल मशीन असतं, एमआयडीसीतल्या टूलरूममध्येही मिळेल. ओळख काढ. या पोलादाच्या सुरीला ५६ ते ५८ आला तर समाधान मान.

दोन्ही बाजू सारख्या न येण्याचं कारण साधं आहे. एका बाजूला तुझा उजवा हात सरळ चालतो, दुसऱ्या बाजूला मनगट वळतं. त्याला औषध म्हणजे रेघ. पट्टी जेवढी जाड तेवढ्याच जाडीचा ड्रिलचा बिट घे. पातं आणि बिट दोन्ही सपाट काचेवर ठेव आणि बिटच्या टोकाने धारेच्या कडेवर ओरखडा ओढत जा. पातं उलटून परत ओढ. कडेच्या अगदी मध्यावर एक किंवा दोन जवळजवळच्या रेघा उमटतील. आधी कडेला मार्करने निळं करून घेतलंस तर त्या स्पष्ट दिसतात. आता कोणत्याही बाजूने त्या रेघेपलीकडे जायचं नाही. पातं लाकडी फळीवर स्क्रूने घट्ट बसव, फळी वाइसमध्ये. थोडे हात या बाजूला, मग तेवढेच त्या बाजूला. एक बाजू पूर्ण संपवून दुसरी घेतलीस तर ती कधीच जुळत नाही. कानस पुढे ढकलताना कापते, मागे ओढताना उचल. दातांत खडू चोळला की लोखंडाचे कण अडकत नाहीत. पेपर मारताना दर नंबरला दिशा बदल, म्हणजे मागच्या नंबरचे ओरखडे राहिले की लगेच दिसतात. ४०० ला थांब. स्वयंपाकघरात त्या चमकत्या पॉलिशवर पहिल्याच आठवड्यात ओरखडे पडतात आणि मग तेवढेच डोळ्यात खुपतात.

पाणी दिल्यानंतरची घासाई करताना पाण्याची बादली शेजारी हवी. पातं उघड्या हाताने धर, मोजे नकोत. हाताला चटका बसायला लागला की बुडव. अँगल ग्राइंडर मिनिटाला १०-११ हजार फेरे फिरतो, त्यावर धारेचा एक कोपरा निळा व्हायला डोळ्याची पापणी लवायचाही वेळ लागत नाही, आणि निळा झालेला तेवढा भाग गेलाच समज.

मुठीची फट. शेपूट डोळ्याला सपाट दिसतं पण नसतं. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटव, शेपटावर मार्करच्या तिरक्या रेघा मार आणि घास. रेघा जिथे राहिल्या तिथे खड्डा. लाकडाच्या फळ्यांनाही तेच कर. दुसरं कारण लाकूड. बाभळीची मूठ आपल्याकडच्या अवजारांना पिढ्यान्‌पिढ्या बसते, पण लोहार ती ओली असताना ठोकतो आणि ढिली झाली की पाचर मारतो. तुझी चिकटवलेली मूठ आहे, तिला पाचर नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात अर्धवट वाळलेलं लाकूड हमखास आकसतं. जुन्या वाड्याच्या चौकटीचं सागवान बघ, ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. पण साग तेलकट, चिकटवायच्या आधी दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पूस, नाहीतर ॲरल्डाइट धरत नाही. आपल्या मागांच्या धोट्यांचं लाकूडही सुरेख असतं, मधे पोकळ असलं तरी टोकं भरीव असतात, छोट्या सुरीला पुरतील. रिबिटांची भोकं पाणी द्यायच्या आधी पाड, नंतर ड्रिल चालत नाही. आणि सी-क्लॅम्प जीव खाऊन आवळू नकोस, सगळं ॲरल्डाइट बाहेर पिळून निघतं आणि आत चिकटायला काही उरत नाही. वरून जवसाचं तेल पातळ हाताने दे. त्या तेलाची चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवस वाळताना उष्णता सोडतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. दोरीवर पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव.

धार लावताना पात्याची पाठ दगडापासून किती वर, एवढंच लक्षात ठेव. ४० मिमी रुंद पात्याला पाठ साधारण १० मिमी वर धरलीस की कोन १५ अंश येतो. विरुद्ध बाजूला बोटाला खरखर लागेपर्यंत एक बाजू, मग दुसरी, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर. मग ६ मिमीची पितळी सळई वाइसमध्ये धर, धार तिच्यावर १५ अंशांत हलकी दाबून ओढ. धार किंचित वाकून परत सरळ झाली तर पाणी बरोबर उतरलंय. वाकलेलीच राहिली तर मऊ आहे, टवका उडाला तर फार कडक, परत दहा-वीस अंश जास्त देऊन उतरव. कागद कापून व्हिडिओ काढायचा मोह टाळ. सुतळी काप, टोमॅटो काप, आणि मग सुरी कोणाच्या तरी रोजच्या वापरात महिनाभर दे. भाकरीच्या हॉटेलात कांदा चिरणारी मावशी जे सांगेल ते कुठल्याही परीक्षेपेक्षा खरं. गंजाचं तिला आधीच सांग, हे स्टेनलेस नाही, लिंबू-चिंचेनंतर धुऊन पुसून ठेवावं लागतं.

विकायचा विचार असेल तर कायद्याचं एक वाक्य. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोडतात, घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी केलेल्या सोडून. तू भाजीच्या आणि शेताच्या सुऱ्याच कर. खंजीर, कट्यार, गुप्ती असली मागणी आली तर सरळ नाही म्हण, पैसे कितीही देत असले तरी.

डमास्कसची लहरी नक्षी कशी करतात तेही विचारलंयस. ते राहू दे सध्या. दोन पोलादं एकमेकांत जोडून केलेली ती नक्षी आणि दख्खनेतलं मुशीत वितळवलेलं जुनं पोलाद या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींना आधी भट्टीवर ताबा लागतो.

आता एकाच आकाराचा पत्र्याचा साचा काप, ४ इंची पात्याची छोटी सुरी. पुढच्या सगळ्या सुऱ्या त्याच साच्यावरून, एकाच पोलादाच्या. प्रत्येकीवर नंबर कोर आणि वहीत जाडी, तापवल्याची वेळ, उतरवल्याचं तापमान लिही. त्या एकसारख्या यायला लागल्या, की तेव्हा ग्राइंडरचं बोलू. तू फॅब्रिकेशनवाला आहेस, २ बाय ७२ इंची बेल्टचा सांगाडा स्वतःच जोडशील, मोटर आणि चाकांचाच खर्च येईल. पुढच्या वेळी मात्र चकचकीत सुरीचा फोटो नको. मोडलेल्या तुकड्याचा जवळून काढलेला फोटो पाठव आणि धारेच्या मागची जाडी मिलिमीटरमध्ये लिही.